तानाबाईची आयर्लंडी सवत

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे कळायला पूर्वी कष्ट पडायचे. नळावर ताटकळावं लागायचं, वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं एखादीच्या घरात शिरावं लागायचं. जोतीरामच्या घरचं मात्र बसल्या जागी कळायचं. त्याची बायको तानाबाई "आमटीत मीठ हाय का बगा" असं नवऱ्याला म्हणाली की ते कोपऱ्यावरच्या तालमीपर्यंत पोचायचं, आणि तिथले पैलवान दंड ठोकता ठोकता म्हणायचे, "आज जोतीरामाची आमटी अळणी हाय." नवरा-बायकोनं उशीवर हळू बोलायच्या गोष्टीसुद्धा ती माउली ओरडून बोलायची. मी काही कान लावून ऐकत नव्हते. त्यांची खिडकी आणि माझी चूल समोरासमोर होती, यात माझा काय गुन्हा?

जोतीरामला ऐकू येत नव्हतं. आणि त्याचा धंदा होता स्पीकरचा. आता हसा.

लग्न असो, बारसं असो, तालमीचा गणपती असो, जोतीरामची हातगाडी दारात आली की कार्य सुरू झालं असं समजायचं. गाडीवर दोन भोंगे, एक मशीन, रेकॉर्डींची पत्र्याची ट्रंक आणि लाल फडक्यात गुंडाळलेला माईक. त्या माईकला तो देवासारखा जपायचा. खंडेनवमीला लोक विळा-कोयता पुजतात, मोटारसायकल पुजतात. हा माईकला झेंडू वाहायचा. घरात कुणी त्याच्यावर फुंकसुद्धा मारायची नाही, असा दंडक. त्याच्या वस्तादानं त्याला सांगून ठेवलं होतं म्हणे, धंद्याचा माईक घरच्या बाईच्या तोंडाला लागला की धंदा बसतो.

लहानपणी त्याचे कान वाहायचे. आईनं कोमट तेल घातलं, आत्यानं कसल्याशा पाल्याचा रस घातला, आणि चाळिशी ओलांडेपर्यंत दोन्ही कान हळूहळू मिटत गेले. मोठ्या डॉक्टरनंही हात टेकले. पण हे गिऱ्हाइकाला कळून चालणार नव्हतं. बहिऱ्याचा स्पीकर कोण लावून घेईल? म्हणून त्यानं एक युक्ती काढली. तानाबाईचा थोरला भाऊ गुंडू, टकलावर गांधी टोपी घालणारा गरीब माणूस, कायम त्याच्यासमोर उभा असायचा. आवाज वाढवायचा असला की गुंडू टोपी वर सरकवायचा, कमी करायचा असला की खाली ओढायचा, आणि माईकनं शिट्टी मारली की टोपी काढून डोकं खाजवायचा. एखाद्या लग्नात माईक फारच बिथरला की बायका एकमेकींना म्हणायच्या, "ह्या बाबाच्या डोस्क्यात उवा झाल्यात वाटतं. केस तर एक न्हाय!"

तानाबाई शाहूवाडीकडची. तिच्या गावात एकदा कुणाला तरी हौस आली, गौरीच्या सणाला बायकांची गाणी स्पीकरवर लावायची. जोतीराम तेव्हा नुकता मिशी फुटलेला गडी, कानानं धडधाकट. गाणाऱ्या बायकांच्या पुढं तानाबाई उभी राहिली. तिचा आवाज नाजूकबिजूक नव्हता. चांगला रुंद आवाज, भरलेली घागर विहिरीतनं वर येताना आतल्या आत घुमते तसा. पहिल्यांदाच माईक बघत होती, तिनं त्याला ओठच टेकवले. जोतीराम म्हणाला, "बाई, इतभर लांब उभं ऱ्हावा. आवाज फुटतोय."

ती इतभर, म्हणजे एक वीत, लांब सरकली. हा मात्र जागचा हलला नाही. गौरी नदीला गेल्या, मांडव निघाला, तरी याचे भोंगे त्या गावच्या पिंपळावरच. शेवटी मुलीच्या बापानं विचारलं, "पावणं, सामान कवा काढताय?" तर म्हणाला, "पोरगी द्या, संगट काढतो." हे मला तानाबाईनं सांगितलं. जोतीराम म्हणतो, साफ खोटं आहे. खोटं असेल तर एवढा लाजतो कशाला?

लग्नानंतर दर गौरीला ती आमच्या गल्लीत गायची. त्याचे कान मिटत गेले तशी गायची थांबली. झिम्मा खेळायची, फुगडी घालायची, गाणं म्हटलं की तोंडाला पदर. "ज्यास्नी ऐकवायचं त्यास्नी ऐकू येत न्हाय. मग काय भिताडाला ऐकवू?" असं म्हणायची. आणि जोतीरामचं तेवढंच एक राहिलं होतं. मूलबाळ झालं नाही त्याची कुरकुर त्यानं कधी केली नाही. पण गौरी जवळ आल्या की ओट्यावर बसून मला म्हणायचा, "आक्का, एक डाव तिचं गाणं कानात पडायला पायजे होतं." मी चेष्टेवारी न्यायची. आणखी काय करणार?

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा असेल. कोपऱ्यावरच्या प्रमोदिनीबाईंचा माधव सुटीवर आला. बाई शाळेत शिकवायच्या, माधव डॉक्टर, पुढचं शिकायला आयर्लंडात गेलेला. गेला तेव्हा तेल लावून भांग पाडायचा, आला तो मानेवर केस सोडून. मी म्हटलं, "माधवा, तिकडं न्हावी मिळत न्हाय का रे? सांगायचंस, एखादा धाडला असता."

त्यानं येताना एक रेकॉर्ड आणली होती. आयर्लंडच्याच कुठल्याशा बँडची. बँडचं नाव त्यानं मला बऱ्याचदा सांगितलं आणि मी तितक्याच वेळा सोडून दिलं. खोक्यावर चित्र होतं: काळ्या समुद्रातनं एक लोखंडी घोडा वर येतोय आणि त्याच्या नाकातनं जाळ निघतोय. मागच्या बाजूला चार बाप्ये, न्हाऊन केस वाळवायला बसलेल्या बायकांसारखे. आयुष्यात पहिल्यांदा मनासारखी गाणी सापडली, असं तो त्या रेकॉर्डीबद्दल म्हणायचा. प्रमोदिनीबाईंनी ती घरात वाजवायला बंदी केली. म्हणून तो आला जोतीरामकडं.

"काका, तुमच्या मशीनवर लावू का?"

मी अर्थातच पाठोपाठ पोचले होते. "आयर्लंड म्हंजे इंग्लंडच न्हवं का?" मी विचारलं.

"नाही हो आक्का. त्यांनी इंग्रजांना हाकलून दिलं."

"मग आपल्यातलेच की! लाव, लाव."

"जरा मोठा आवाज असतो हं. याला हेवी मेटल म्हणतात. म्हणजे जड धातू समजा."

आमचे हे उद्यमनगरात ओतकामाच्या कारखान्यात. ते खिडकीतनं म्हणाले, "जड धातू मी आठवडाभर ऐकतो. सुट्टीच्या दिवशी नगं." आणि उशी काखेत मारून रंकाळ्याच्या बागेत झोपायला निघून गेले. शहाणे निघाले.

जोतीराम घरात टेस्टिंग करायचा तेव्हा भोंगा भिंतीकडं तोंड करून ठेवायचा आणि आवाज बारीक. कार्याच्या ठिकाणी भोंगा झाडावर, तोंड गावाकडं, आणि हा खाली, भोंग्याच्या मागं. सगळा जन्म असाच गेलेला. माधवला हे काय माहीत? त्यानं भोंगा उचलला आणि तोंड खोलीकडं फिरवलं. जोतीराम ट्रंकेवर बसला होता, बरोबर त्याच्या छातीसमोर. माधवनं मशीनचं बटण पार फिरवलं आणि पिन टेकवली.

काय सांगू. आधी एक ढोल. मग त्या ढोलावर कुणीतरी पत्र्याचा डोंगर उपडा केला. फळीवरचे डबे एकमेकांना धडका द्यायला लागले. गल्लीतले कावळे उडाले ते तडक बिंदू चौकापर्यंत गेले असावेत. प्रमोदिनीबाईंच्या खिडक्या धाडधाड मिटल्या. तानाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि "कोन मेलं?" म्हणून ओरडली. गाणारा बाप्या तर असा किंचाळत होता की बिद्रीच्या साखर कारखान्याचा भोंगा त्याच्यापुढं अंगाई वाटावा.

जोतीराम हलला नाही. डोळे मोठे झाले. मग उजवा हात छातीवर गेला. "वाजतंय," तो म्हणाला.

"अवो, वाजतंय त्ये दिसतंय की समद्यास्नी!" तानाबाई ओरडली.

"वाजतंय, ताने! मला वाजतंय!"

तिनं पिठाचे हात तसेच पदराला पुसले. त्याच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि तो मांडीवर ढोलाचा ठेका धरत होता, तोही चुकत. पहिली बाजू संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी कुणाला ऐकू गेलं नसतं म्हणा. शेवटचं गाणं जरा संथ होतं, ढोल मोजूनमापून पडत होता. ते संपल्यावर जोतीरामनं विचारलं, "ह्यो काय म्हनत हुता?"

"बोटीवरचा खलाशी आहे," माधव त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला. "बायकोला सांगतोय, मी येतोय, दाराला कडी घालू नकोस."

"एवढंच? मग एवढा कशाला वराडतोय?" तानाबाईनं विचारलं.

"समुद्रातनं सांगतोय ना, मावशी. तिला ऐकू जायला हवं."

तानाबाईनं मान हलवली. तिला या गोष्टीतलं आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

माधवनं मग बॅटरी लावून जोतीरामचे कान बघितले. म्हणाला, मी कानांचा डॉक्टर नाही, पण बारीक, वरचे आवाज तुमचे गेलेत. जाड, खालचे आवाज अजून पोचतायत, पण समोरनं आले पाहिजेत आणि जवळनं. "काका, सगळा जन्म तुम्ही भोंग्याच्या मागं बसलात."

"मग धंदेवाल्यानं म्होरं बसायचं व्हय? म्होरं गिऱ्हाईक बसतंय."

सुटी संपल्यावर माधव गेला तो रेकॉर्ड जोतीरामकडं ठेवून. "तिकडं दुसरी घेईन, ही तुमची," म्हणाला. आणि आमच्या गल्लीच्या नशिबाला आयर्लंड आलं. रोज संध्याकाळी दिवेलागणीला लोकांच्या घरी शुभंकरोती, जोतीरामच्या घरी लोखंडी घोडा. ट्रंकेवर बसायचा, भोंग्याला लहान मुलासारखा समोर घ्यायचा, डोळे मिटायचा. सवय कशाची होत नाही? महिनाभरात माझ्या भाकऱ्या त्या ढोलावर थापल्या जायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर चांगल्या गोल व्हायला लागल्या. तालमीतले पैलवान दुसऱ्या गाण्यावर जोर काढायचे.

जळली ती तानाबाई. नळावर मला म्हणाली, "आक्का, सवत आली माज्या घरात."

"सवत? ते तर बाप्ये हायत."

"मग काय झालं? चार सवती, त्या बी केसाळ! माजा शब्द ह्यास्नी ऐकू येत न्हाय, आन् त्येंचं समदं येतंय. येताना काय बोलतोय त्यो खलाशी, कडी घालू नगो म्हनं! मी ह्या घराला कवा कडी घातली?"

मी हसले, ती हसली नाही. घरी जाऊन तिनं त्या रेकॉर्डीचं खोकं उचललं आणि लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून घातलं. लोखंडी घोड्याच्या नाकातनं जाळाऐवजी तेल गळायला लागलं. धूळ बसू नये म्हणून जोतीरामनं ती रेकॉर्ड सनईच्या रेकॉर्डीच्या खोक्यात, सनईच्याच जोडीला सरकवली. दोघी एका खोक्यात. झालं की नाही सवतींचं नांदणं सुरू?

पुढचं जे झालं ते या खोक्यापायी.

शेवटच्या मुहूर्ताला कागलला माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. स्पीकरचं काम जोतीरामला मीच मिळवून दिलं होतं. आपल्याकडं लग्नाच्या दिवशी झुंजुरकाला सनई लागते, तिनं गाव जागा होतो, मग हळदीचं पाणी तापतं. अंधारात जोतीरामनं एक भोंगा आंब्यावर चढवला, दुसरा चढवायला गुंडूला फांदीवर बसवलं. पण अलीकडं त्याला नवी खोड लागली होती: दुसरा भोंगा बांधून होईपर्यंत तो स्वतःसमोर ठेवायचा. सनईच्या खोक्यात हात घातला, हाताला लागली ती रेकॉर्ड काढली आणि लावली.

मी न्हाणीत होते. आधी ढोल ऐकला आणि अंगावरचा साबण तसाच ठेवून लुगडं गुंडाळायला लागले, कारण पाहुण्यांत तो ढोल ओळखणारी मी एकटी होते. मग पत्र्याचा डोंगर कोसळला. दावणीची बैलं दावी तोडून उसात घुसली. नवरीची आजी "भुईकंप! भुईकंप!" म्हणत नातवंडांना घेऊन अंगणात आली. नवरदेव जानवशात अर्ध्या झोपेत होता, तो तसाच पिवळा पंचा धरून रस्त्यावर. नवरदेवाचा बाप बाळासो, उसाचा मोठा बागायतदार आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस, तो धावत आला.

"पावणं! ह्ये काय लावलंय?"

जोतीराम डोळे मिटून, भोंग्यावर हात ठेवून बसलेला.

"आरं ए! बंद कर!"

"व्हय व्हय," जोतीराम डोळे किलकिले करून हसत म्हणाला, "लई भारी हाय."

वर फांदीवर गुंडू टोपी खाली ओढत होता, पार नाकापर्यंत. शेवटी टोपी काढून त्यानं ती जोतीरामच्या अंगावर फेकली. ती मशीनवर पडली. जोतीरामनं ती झटकली, घडी केली, आणि मांडीवर ठेवली. कुणीतरी वायर उपटली तेव्हा कुठं सगळं थांबलं.

त्या शांततेत बाळासोनं चारचौघांसमोर विचारलं, "तुला ऐकू येत न्हाय व्हय रं?"

शब्द त्याला ऐकू गेले नसतील, पण तोंडावरनं कळलं असणार. एवढी वर्षं टोपीखाली झाकून ठेवलेलं उघड्यावर आलं होतं. त्याला खोटं बोलता आलं असतं. म्हणाला, "न्हाय येत, मालक." मग मशीनवर हात ठेवून, "ह्ये तेवढं येतंय."

परतताना टेम्पोत, ट्रंकेवर बसून, त्यानं मला एवढंच सांगितलं, "आक्का, चुकून लागली. पर पिन उचलाय हात झाला न्हाय. पहिल्या ढोलालाच कळलं हुतं मला."

लग्न चांगलं झालं, नवरीला आता दोन मुलं आहेत. जोतीरामचा धंदा मात्र बसला. ऐकू न येणारा स्पीकरवाला ही गोष्ट कागलहून कोल्हापुरात यायला एसटीसुद्धा लागली नाही. आषाढ गेला, श्रावण गेला, हातगाडी दारातच. वर्गणीदार कुरकुरले म्हणून गणपतीचं काम तालमीनं दुसऱ्याला दिलं. पैलवानांना वाईट वाटलं, तोंड चुकवून जायचे. जोतीराम ट्रंक उघडायचा, रेकॉर्डी पुसायचा, झाकण लावायचा. आयर्लंडही वाजेना. गल्ली इतकी शांत झाली की माझ्या भाकऱ्या परत वाकड्या व्हायला लागल्या.

एके दिवशी तानाबाईच्या घरात डोकावले तर ती खाली बसून त्या लोखंडी घोड्याला ज्वारीचं पीठ लावून चोळत होती. लोणच्याचं तेल पिठात उतरवत होती. संध्याकाळी खोकं ट्रंकेवर होतं आणि रेकॉर्ड त्याच्या आत.

गौरी दोन-चार दिवसांवर आल्या होत्या. जोतीराम ओट्यावर बसला होता, त्यानं नेहमीचं काढलं. "आक्का, एक डाव तिचं गाणं..."

या वेळी मला चेष्टा सुचली ती कामाची. "मग भोंगा समोर घ्या आन् तिच्या हातात माईक द्या की भावजी! तिचा आवाज जाडच हाय!"

आता त्याला ऐकू जावं म्हणून मला हे ओरडावंच लागलं, आणि संध्याकाळी नळाला पाणी आलेलं होतं. सगळ्या घागरी जागच्या जागी थांबल्या. नळावर तानाबाईही होती.

"न्हाय न्हाय," जोतीराम कानाची पाळी धरून म्हणाला, "वस्ताद म्हनलेत, घरच्या बाईच्या तोंडाला माईक लागला की धंदा बसतोय."

"बसलाय की!" मी ओरडले. "आनी किती बसनार? आता झोपायचाच ऱ्हायलाय!"

नळावर एकच हशा. जोतीरामही हसला, बऱ्याच दिवसांनी. आणि त्या हशातनं तानाबाईचा आवाज आला, "मी न्हाय गानार! सांगून ठेवतो!" घागर अर्धीच भरून ती घरात गेली.

मी पाठोपाठ गेले. ती चुलीपुढं बसली होती. माझ्याशी तिला ओरडायचं कारण नव्हतं, म्हणून ती किती हळू बोलते हे मला तेव्हा नव्यानं कळलं. "आक्का, तुमी समद्या हसताय. पर मी गायलो आन् ह्यास्नी न्हाय आलं ऐकू, तर? आता निदान 'गायली असती तर आलं असतं' एवढं तरी हाय त्येंच्याजवळ. त्ये बी जाईल."

मी फुंकणी घेतली आणि तिची चूल फुंकत बसले.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका जोतीरामच्या घरी जमल्या. दरवर्षी जमतात, झिम्म्याला त्यांचाच सोपा, म्हणजे पुढची पडवी, मोठी. आत गेले तर जोतीराम इस्त्रीचा सदरा घालून ट्रंकेवर बसलेला. समोर भोंगा. छपरावर काही नाही, रस्त्याकडं काही नाही, एकच भोंगा आणि त्याचं तोंड या एका माणसाकडं. मध्ये स्टँडवर माईक, लाल फडकं काढलेलं. गुंडू टोपी घालून सवयीनं समोर उभा. त्या माईकवर एक झेंडूचं फूल होतं.

तानाबाईनं ते बघितलं. "अवो, ह्ये काय मांडलंय?"

त्याला ऐकूच आलं नव्हतं. भोंगा किती अंतरावर ठेवायचा याचा अंदाज घ्यायला त्यानं आयर्लंडची रेकॉर्ड लावली, ते शेवटचं संथ गाणं. ढोल पडायला लागला. तो भोंगा पुढं ओढ, मागं सरक, असं करत राहिला आणि छातीवर हात ठेवून बघत राहिला.

"बगा," तानाबाई म्हणाली, "पयला मान सवतीला."

पण तिचं लक्ष त्या हाताकडं होतं. मी तिला कोपरानं ढकललं, जरा जोरातच. ती माईकपाशी गेली. खलाशी ओरडत होता, दाराला कडी घालू नको. ती तशीच उभी राहिली, खलाशाचं सांगून होईपर्यंत. मग नुसता ढोल उरला आणि तिनं त्यावर तोंड उघडलं.

"बांधावरनं आली गवर, भिजलं तिचं पाऊल गं,
दारामदी कोन उभं, ऐकतंय तिची चाहूल गं..."

इतक्या वर्षांचा गंज होता. पहिली ओळ खरखरली, दुसरी बसली. मग घागर वर यायला लागली. आम्ही बायका पाठीमागनं ओळ धरायची विसरलो. सगळ्याजणी जोतीरामच्या तोंडाकडं बघत होतो आणि त्या तोंडावर काहीच दिसेना. तो नुसता बसलेला, कपाळावर आठी, ढोलाचा ठेका मांडीवर चालू. गुंडूनं टोपी वर सरकवली. जोतीरामनं गुंडूकडं बघितलं नाही. तानाबाईनं डोळे मिटून घेतले, ओळ मात्र सोडली नाही.

मग जोतीरामनं हात लांब केला आणि पिन उचलली.

ढोल थांबला. खलाशी समुद्रात राहिला. आता सोप्यात तिचं एकटीचं गाणं होतं, आणि जोतीरामचा हात मांडीवर अजूनही ठेका धरून होता. ढोलाचा नव्हे. तिच्या ओळीचा. जिथं तिनं श्वास घेतला तिथं त्याचं बोट थांबलं, जिथं तिनं ओळ उचलली तिथं पडलं. आठी कधी गेली ते मला दिसलं नाही, कारण तोपर्यंत माझ्याच डोळ्यांचं काहीतरी झालं होतं. गुंडूनं टोपी काढली होती. शिट्टी वाजत नव्हती, तरी.

गाणं संपलं. तानाबाईनं डोळे उघडले आणि विचारलं, "आलं?"

हळूच विचारलं तिनं. पण माईकसमोर होती, इतभर लांब, जशी उभी राहायला त्यानं शिकवलं होतं तशी. तो एवढासा शब्द भोंग्यातनं निघून त्याच्या छातीवर गेला.

जोतीराम सगळ्या बायकांच्या देखत म्हणाला, "इतभर लांब कशाला? जवळ ये की."

ती गेली. माईक मागं राहिला. त्याच्या कानाशी वाकून ती काहीतरी बोलली, आणि तो मान हलवून हसला. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.